पेनिसिलिनची जमीन

फेब्रुवारी १९४४. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा शेवटच्या दुखण्यात होत्या. हृदय थकलेलं, त्यात छातीचा विकार बळावलेला. पेनिसिलिन तेव्हा जगालाच नवं होतं. युद्ध चालू असल्यामुळे ते आधी सैन्याकडे जायचं, सामान्य माणसाला मिळणं मुश्कील. त्यांचा मुलगा देवदास यानं खटपट करून ते कलकत्त्याहून विमानानं आणवलं. दर काही तासांनी सुई टोचावी लागेल हे कळल्यावर गांधीजींनी नको म्हटलं. शेवटच्या घटकेला तिला हा आणखी त्रास नको, असं त्यांचं म्हणणं होतं. २२ तारखेला, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबा गेल्या. हिंदुस्थानच्या भूमीवर तेव्हा पेनिसिलिन तयार करणारा एकही मोठा कारखाना नव्हता.

दहा वर्षांनी, मार्च १९५४ मध्ये, त्याच पुण्याच्या शेजारी पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली. औषधनिर्मितीतला हा केंद्र सरकारचा पहिला कारखाना. पुढच्याच वर्षी तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं.

सरकारी कागदांत तिचं नाव एचएएल आहे. पिंपरीत मात्र तिला कोणी तसं म्हणत नाही. इथं ती ‘एच. ए.’ आहे. एच. ए. कॉलनी, एच. ए. स्कूल, एच. ए.चं मैदान. संत तुकारामनगरच्या मेट्रो स्टेशनवरून खाली पाहिलं की एका बाजूला वल्लभनगरचा एसटी स्टँड आणि सगळीकडे नव्या इमारतींची दाटी दिसते. त्या दाटीत मधेच एक मोठा हिरवा पट्टा आहे. कुंपणाच्या भिंतीआड जुनी, उंच झाडं. तो एच. ए.चा परिसर. मुंबई-पुणे रस्त्याला लागून इतकी झाडं आता फारशी उरलेली नाहीत, आणि ती उरली यामागचं कारण काही सुखाचं नाही.

सरकारी उद्योगांच्या खासगीकरणावर आपल्याकडे दोनच सुरांत बोललं जातं. एक सूर म्हणतो, सरकारचं काम धंदा करणं नव्हे, विकून मोकळे व्हा. दुसरा म्हणतो, देशाची मालमत्ता भांडवलदारांच्या घशात घालता. एच. ए.ची गोष्ट या दोन्ही सुरांत बसत नाही, म्हणून ती नीट सांगावीशी वाटते. इथं सरकारनं कारखाना धड चालवला नाही, धड विकलाही नाही. औषध गेलं आणि जमीन उरली. मग सगळी चर्चा जमिनीवर येऊन ठेपली.

आधी कारखाना कशासाठी उभा राहिला ते पाहू. स्वातंत्र्यानंतरच्या काही वर्षांत पुण्याच्या आसपास नव्या देशाची मोठी मांडणी चालली होती. पाषाणला १९५० मध्ये राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा सुरू झाली. खडकवासल्याला एनडीए आली. त्याच काळात परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचे पहिले भारतीय संचालक मेजर जनरल साहिबसिंग सोखी हा विषय लावून धरत होते की औषधं सरकारी कारखान्यात, इथल्या माणसांनी, गरिबाला परवडतील अशी बनवली पाहिजेत. युनिसेफनं यंत्रसामग्री दिली, जागतिक आरोग्य संघटनेनं तज्ज्ञ दिले, जागा पिंपरीची ठरली. त्या वेळचं पिंपरी म्हणजे पवनेकाठचं गाव, रेल्वेचं स्टेशन आणि फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचा कॅम्प. एमआयडीसी आली १९६२ नंतर. टेल्को, बजाज हे सगळे त्यानंतरचे. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० ची आणि महानगरपालिका १९८२ ची. आज ज्या औद्योगिक शहराला आपण ओळखतो त्याच्या पायाचा पहिला मोठा दगड एच. ए.चा आहे.

पेनिसिलिन बनवणं हे काम गोळ्यांना साचा मारण्यासारखं नाही. ती एक प्रकारची शेती आहे, पोलादी टाकीतली. निवडून वाढवलेली बुरशी टाकीत सोडायची. तिला साखर आणि मक्याच्या स्टार्च कारखान्यातून निघणारा गाळ खायला घालायचा. तापमान पंचविसाच्या आसपास धरून ठेवायचं, निर्जंतुक केलेली हवा अखंड फुंकत राहायची. हे आठवडाभर किंवा त्याहून जास्त चालतं. मधे वीज गेली, हवा थांबली, की बुरशी गुदमरते. कुठल्या तरी झडपेतून परका जंतू आत शिरला की हजारो लिटरची टाकी गटारात सोडावी लागते. म्हणून या कामात पाळ्या कधी थांबत नाहीत. दिवाळीच्या पहाटेसुद्धा कोणीतरी टाकीपाशी उभं असतं. मुरलेला रस गाळून त्यातलं औषध द्रावकात ओढून घेताना पिकल्या केळ्यांसारखा वास सुटतो. हे ज्ञान पुस्तकात मावत नाही. ते पाळीवरच्या माणसाच्या नाकात आणि कानात असतं, नळीतला आवाज बदलला की त्याला कळतं. कारखाना बंद पडतो तेव्हा सर्वांत आधी हेच जातं, आणि त्याची नोंद कुठल्याही ताळेबंदात होत नाही.

साठच्या दशकात मर्क या अमेरिकन कंपनीच्या तंत्रज्ञानावर एच. ए.त स्ट्रेप्टोमायसिन सुरू झालं. क्षयरोगावरचं ते औषध त्या काळच्या भारतात किती मोलाचं होतं हे वेगळं सांगायला नको. पण मला त्याहून मोठी वाटते ती इथली प्रयोगशाळा. डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे बुरशीशास्त्रज्ञ तिथं संशोधन करत होते. त्यांच्या गटानं एका नव्या सूक्ष्मजीवापासून बुरशीनाशक औषध काढलं. औषधाला नाव मिळालं हॅमायसिन, म्हणजे एच. ए.चं मायसिन. सूक्ष्मजीवाचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरी हे नाव जगाच्या जीवशास्त्रात असं दाखल झालं. ऑरिओफंजिन हे पिकांवरच्या बुरशीसाठीचं औषधही याच प्रयोगशाळेचं. १९५८ पासून ‘हिंदुस्थान अँटिबायोटिक्स बुलेटिन’ हे शास्त्रीय नियतकालिक इथून निघायचं. सरकारी कारखान्यात संशोधन होत नाही असं म्हणणाऱ्यानं ते अंक एकदा चाळावेत.

डाळिंबवाल्या शेतकऱ्याला एच. ए.चं नाव वेगळ्या कारणानं माहीत आहे. सांगोला, पंढरपूर या पट्ट्यात तेल्या रोग आला की कृषी सेवा केंद्रातून स्ट्रेप्टोसायक्लिनची सहा ग्रॅमची पुडी आणायची, हे वर्षानुवर्षं चाललं. ती एच. ए.चीच पुडी. माणसाची प्रतिजैविकं पिकांवर फवारल्यानं जंतू निर्ढावतात हे लक्षात आल्यावर सरकारनं असा वापर बंद करण्याकडे पावलं टाकली. ती योग्यच होती. पण त्यामुळे कंपनीचा एक नेहमीचा विक्रीचा आधारही डळमळला.

मग हे सगळं कोसळलं कशानं? एकच कारण काढून दाखवणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. सत्तरच्या दशकात सारं काही अनुकूल होतं. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या पदार्थावरचं पेटंट काढून टाकलं. १९७५ च्या हाथी समितीनं सरकारी औषध कारखान्यांना अग्रभागी ठेवायला सांगितलं. कर्नाटक अँटिबायोटिक्स आणि नागपूरची महाराष्ट्र अँटिबायोटिक्स या संयुक्त कंपन्या एच. ए.च्याच अंगाखांद्यावर उभ्या राहिल्या. पण याच काळात दिल्लीनं कंपनीकडे कारखाना म्हणून पाहणं कमी केलं. किमती सरकार ठरवणार. नवी बुरशी, नवं तंत्र आणायचं तर मंजुरीची फाईल मंत्रालयाच्या मजल्यांवर फिरणार. तोवर जगात एका टाकीतून निघणारं पेनिसिलिन कितीतरी पटींनी वाढलेलं. माणसं मात्र जुन्याच हिशेबानं भरलेली. कामगारांना आळशी म्हणणं सोपं आहे. पण ज्या टाकीत जुनी बुरशी आहे तिच्यापाशी कितीही जागलं तरी नव्या बुरशीइतकं औषध निघत नाही.

१९९१ नंतर आयात खुली झाली आणि चीनचं स्वस्त पेनिसिलिन आलं. तिथल्या प्रांतिक सरकारांचं पाठबळ असलेले प्रचंड कारखाने इतक्या कमी दरात माल देऊ लागले की भारतातल्या खासगी कंपन्यांचेही पेनिसिलिन विभाग एकेक करून बंद पडले. हा मुद्दा दोन्ही सुरांतले लोक टाळतात. पिंपरीतही खासगी भागीदार आणून पाहिला होता. नव्वदच्या दशकात मॅक्स-जीबीबरोबर संयुक्त कंपनी काढून पेनिसिलिन तिच्याकडे सोपवलं. तीही टिकली नाही. तेव्हा एच. ए. सरकारी असल्यामुळे बुडाली असं सरळ म्हणता येत नाही. पेनिसिलिनमध्ये सरकारी आणि खासगी दोघेही एकाच लाटेत बुडाले. फरक इतकाच की खासगी कंपनीनं धंदा बदलला आणि सरकारी कंपनी तिथंच खितपत पडली.

१९९७ मध्ये एच. ए. आजारी उद्योग म्हणून बीआयएफआर या सरकारी मंडळाकडे गेली. २००६ मध्ये पुनरुज्जीवनाचं पॅकेज आलं. २०१३ मध्ये सरकारी रुग्णालयांनी १०३ औषधं सरकारी कारखान्यांतून घ्यावीत असं धोरण झालं. औषधाच्या कंपन्यांना असं धोरण हा प्राणवायू असतो. पण कच्च्या मालाला खेळतं भांडवल नसेल तर ऑर्डर असूनही माल देता येत नाही. माल दिला नाही की पुढची ऑर्डर दुसरीकडे जाते. पैसे नाहीत, म्हणून उत्पादन नाही, म्हणून पुन्हा पैसे नाहीत. या फेऱ्यात पगार तटले. एक-दोन महिन्यांचे नव्हे. ‘एच. ए.त आहे’ हे शब्द एके काळी सोयरीक जमवायला पुरे असायचे.

२८ डिसेंबर २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं चार सरकारी औषध कंपन्यांचा एकत्र निर्णय घेतला. आयडीपीएल आणि राजस्थान ड्रग्ज बंद करायच्या. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आणि कोलकात्याची बेंगॉल केमिकल्स यांची देणी अतिरिक्त जमीन विकून भागवायची आणि मग त्या कंपन्या धोरणात्मक विक्रीला काढायच्या. ‘धोरणात्मक विक्री’ म्हणजे मालकी आणि कारभार दोन्ही खरेदीदाराकडे. एच. ए.च्या ज्या जमिनीची विक्री चर्चेत होती ती ८७.७० एकर. जमीन सरकारी संस्थांनाच विकायची अशी अट होती. ती अट पाळून देणी फेडण्याइतका पैसा उभा राहीना. शेवटी १७ जुलै २०१९ ला मंत्रिमंडळानं अट बदलली, आणि थकलेले पगार व स्वेच्छानिवृत्ती यांसाठी ३३०.३५ कोटी रुपये कर्जाऊ दिले. त्यातले २८०.१५ कोटी एकट्या एच. ए.साठी होते. हा आकडा वाचताना मी थबकलो. चारपैकी तीन कंपन्यांच्या माणसांची देणी, आणि त्यातला एवढा मोठा वाटा पिंपरीच्या एका भिंतीआडचा.

त्या पैशात स्वेच्छानिवृत्ती घेऊन बरीच माणसं बाहेर पडली. उरलेल्यांनी गोळ्या, कॅप्सूल, इंजेक्शनं, सलाइन यांचं काम चालू ठेवलं. करोनाच्या साथीत याच कारखान्यातून हात निर्जंतुक करण्याचं द्रव बाहेर पडलं. बेंगॉल केमिकल्स, म्हणजे प्रफुल्लचंद्र राय यांची कंपनी, २०१६-१७ पासून नफ्यात आली. तिची विक्री कलकत्ता उच्च न्यायालयात अडकली. कर्नाटक अँटिबायोटिक्स तर आधीपासूनच नफ्यात होती, तरी तिलाही विक्रीच्या यादीत टाकलं. एका विभागातल्या, एका धोरणाखालच्या, एकाच मालकाच्या तीन कंपन्यांची तीन तऱ्हेची नशिबं. कारभार कोणाचा आणि कसा, यावर इतका फरक पडतो.

‘विकायची आहे’ हे ठरल्यानंतरची वर्षं सर्वांत वाईट, असं माझं स्पष्ट मत आहे. विकायच्या घरात कोणी रंग देत नाही. नवी यंत्रं येत नाहीत, तरुण शास्त्रज्ञ येत नाहीत, बँक उभं करत नाही. खरेदीदारही येत नाही, कारण त्याला हवी असते जमीन आणि ती मिळणार असते वेगळ्या वाटेनं. मी खासगीकरणाच्या सरसकट विरोधात नाही. याच पुण्यात हडपसरला १९६६ मध्ये सुरू झालेली सीरम इन्स्टिट्यूट खासगीच आहे आणि जगभरच्या मुलांना तिच्या लसी टोचल्या जातात. पण विकायचं तर कारखाना चालता असताना विकावा, आणि ठेवायचा तर त्याला खाऊ घालून ठेवावा. दोन्ही न करता वर्षानुवर्षं लटकत ठेवणं हा त्या माणसांवरचा आणि त्या ज्ञानावरचा अन्याय आहे.

जमिनीचं काय होतं ते पाहायला पिंपरीहून दिघीला जावं. विदेश संचार निगम, म्हणजे व्हीएसएनएल या सरकारी कंपनीची दिघीतली जमीन प्रचंड होती. २००२ मध्ये सरकारनं व्हीएसएनएलचा २५ टक्के हिस्सा १,४३९ कोटी रुपयांना टाटा समूहाला दिला, तेव्हा ठरलं की जास्तीची जमीन कंपनीबरोबर जाणार नाही, वेगळी काढली जाईल. ती होती एकूण ७७३.१३ एकर, पुणे, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई मिळून. त्यातली ५२४ एकर एकट्या पुण्याची. एवढं स्पष्ट ठरलेलं असताना ती जमीन वेगळी व्हायला दीड दशकाहून जास्त काळ गेला. तिच्यासाठी हेमिस्फिअर प्रॉपर्टीज नावाची कंपनी निघाली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये तिचे शेअर बाजारात आले. समुद्रापार संदेश पाठवण्याच्या कामासाठी घेतलेली जमीन. आता तिचा भाव दररोज शेअर बाजारात फिरतो. मार्च २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं नॅशनल लँड मॉनेटायझेशन कॉर्पोरेशन मंजूर केली, सरकारी कारखान्यांच्या जमिनींचा पैसा करण्यासाठीच. या जमिनी आल्या कुठून हा प्रश्न त्या घोषणांत नसतो. त्या गावांच्या होत्या. देशासाठी औषध बनणार, देशासाठी तारायंत्र चालणार, असं सांगून त्या घेतल्या होत्या.

आता पुन्हा पेनिसिलिनकडे येतो, कारण गोष्टीचा जीव तिथंच आहे. पेनिसिलिन जुनं झालं असं समजू नका. अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही घरोघरची औषधं त्याच्यापासूनच बनतात. लहानपणी घशाच्या संसर्गातून ज्यांच्या हृदयाच्या झडपा बिघडतात, अशा मुलांना बेंझाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन दर तीन-चार आठवड्यांनी, वर्षानुवर्षं द्यावं लागतं. ते स्वस्त आहे, म्हणूनच ते बनवण्यात कोणाला रस नाही. जगात त्याची मूळ भुकटी बनवणारे कारखाने बोटांवर मोजण्याइतके, त्यातले बहुतेक चीनमध्ये. त्याचा तुटवडा अनेक देशांनी सोसला आहे. हे गरिबाचं औषध आहे. गरीब मूल त्याच्यासाठी फार थांबू शकत नाही.

हा धोका ज्यांनी ओळखला त्यांनी काय केलं? ऑस्ट्रियात कुंडल नावाच्या गावी सँडोझ कंपनीचा जुना पेनिसिलिन कारखाना आहे. युरोपात असा अखेरचा. करोनाच्या वर्षी, २०२० मध्ये, तो चीनच्या दरांपुढे टिकेना, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सरकारनं पाच कोटी युरो घालून तो तिथंच राहील अशी व्यवस्था केली. कारखाना खासगी, पैसा सरकारी. उद्योगांवर सरकारची मालकी नको म्हणणाऱ्या खंडातली ही गोष्ट.

आपणही त्याच वर्षी जागे झालो. औषधांच्या कच्च्या मालासाठी ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आली, त्यात पेनिसिलिन जी होतं. अरबिंदो फार्माच्या लायफियस या कंपनीनं आंध्रातल्या काकीनाड्याजवळ वर्षाला १५,००० टनांचा प्रकल्प उभारला आणि २०२४ मध्ये तो सुरू झाला. मला त्याचा आनंदच आहे. पण हैदराबादचा औषधउद्योग वाढला कशावर हेही लक्षात ठेवायला हवं. तिथल्या सरकारी आयडीपीएलमध्ये शिकलेल्या माणसांनी पुढे स्वतःचे कारखाने काढले. डॉ. रेड्डीज उभी करणारे के. अंजी रेड्डी आयडीपीएलमध्ये होते, आणि त्याआधी पीएच.डी.साठी आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत. सरकारी प्रयोगशाळा आणि सरकारी कारखाने यांनी माणसं घडवली, माणसांनी खासगी उद्योग उभे केले, आणि आता सरकार त्या उद्योगांना पैसे देऊन पेनिसिलिन परत आणतं आहे. या साखळीतली पहिली कडी पिंपरीत गंजत पडली आहे. प्रोत्साहनाच्या त्या हजारो कोटींतला एक लहान हिस्सा वीस वर्षांपूर्वी एच. ए.च्या नव्या बुरशीवर, नव्या टाक्यांवर खर्च झाला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

परतताना संत तुकारामनगरहून मेट्रोत बसलो आणि पिंपरीकडे तोंड करून उभा राहिलो. खिडकीतून एच. ए.ची झाडं दिसत होती. विक्रीच्या कागदांत ही जागा एकरांत मांडली आहे, दर ठरवून, देण्यांच्या रकान्यासमोर. स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना मात्र कुठल्या रकान्यात नाही. पुढचं स्टेशन येईपर्यंत झाडं मागे पडली.